शनिवारचा एकच पेग

गुणाजी चिंदरकर दारू पितात की पीत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या नातेवाइकांनी आपापल्या सोयीने सोडवून टाकला होता. न पिणाऱ्यांच्या लेखी ते पिणारे होते. पिणाऱ्यांच्या लेखी ते निव्वळ ढोंगी होते, कारण शनिवारी संध्याकाळी सात वाजता तीस मिली व्हिस्की समोर घेऊन हा माणूस पाऊण तास बसायचा आणि मग जेवायला उठायचा. या दोन्हींच्या मधलं काही असू शकतं हे लोकांना समजावण्यात गुणाजींची बारा वर्षं गेली होती. अजून एकालाही ते पटलं नव्हतं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. नोकरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत. तिथे खाण्याच्या पदार्थांत घालायचे स्वाद तयार होत: बिस्किटातला वेलदोडा, सरबतातला गुलाब, खोकल्याच्या गोळीतलं संत्रं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत गुणाजींनी स्वादाचा थेंब लावलेल्या लाखभर तरी कागदी पट्ट्या हुंगल्या असतील. सर्दी झाली की ते रजा टाकत. डोळे आलेला ड्रायव्हर गाडी चालवत नाही, तसंच ते.

व्हिस्कीसुद्धा त्यांच्याकडे नोकरीतूनच आली. चॉकलेट बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला व्हिस्कीचा स्वाद हवा होता, पण त्यात दारूचा थेंबही चालणार नव्हता. विभागप्रमुख क्षिप्रा दातार, ठाण्याला नौपाड्यात राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या, शिस्तीच्या बाई. त्यांनी टेबलावर चार बाटल्या मांडल्या आणि गुणाजींना बोलावलं.

"मॅडम, मी घेत नाही," गुणाजी म्हणाले. "आईला शब्द दिलाय."

"न पिण्याचा ना? मग पिऊ नका. हुंगा, तोंडात घोळवा आणि थुंकून टाका. पण आत काय काय आहे ते मला लिहून द्या."

त्या शब्दामागे गुणाजींचे वडील होते. चिंदरला, गावी, ते रोज हातभट्टीची प्यायचे, आणि पिताना डाव्या हाताने नाक दाबून धरायचे. चव इतकी वाईट की नाक उघडं ठेवून ती पोटात जातच नसे. नाक दाबायचं, ग्लास उपडा करायचा, डोळे मिटायचे. सहा वर्षांच्या गुणाजींना वाटे, बाबा औषध घेतात. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. आईने दोन मुलांना देवासमोर उभं करून शब्द घेतला.

प्रयोगशाळेत गुणाजी चार महिने हुंगत आणि थुंकत राहिले. वहीत लिहीत राहिले: ओलं गोणपाट. काजूची भाजलेली टरफलं. शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीचा वास. जुन्या पितळी डब्यातला गूळ. एका ग्लासात एवढं सगळं असतं आणि वडिलांनी आयुष्यभर नाक दाबून धरलं, याचा त्यांना राग यायला लागला. वडिलांच्या ग्लासात यातलं काही नव्हतं हे त्यांना कळत होतं. तरीही राग यायचा. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी ते थुंकायचे थांबले आणि घोट गिळला. घरी येऊन, बूट काढण्याआधी त्यांनी ते बायकोला सांगितलं.

शेवंतीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घरात, माझ्यासमोर, आठवड्यातून एकदा, एक."

गुणाजींनाही तेवढंच हवं होतं. त्यांनी सरकारी परवाना काढला. तोंडाशी निमुळता असलेला ग्लास आणला, म्हणजे वास आतच राहतो. पाण्यासाठी प्रयोगशाळेतला असतो तसा ड्रॉपर घेतला, कारण चार थेंब पाणी घातलं की व्हिस्की उमलते आणि अर्धा ग्लास पाणी घातलं की ती बुडते. दर शनिवारी हा कार्यक्रम चाले आणि दर शनिवारी पावणेआठला स्वयंपाकघरातून प्रश्न येई, "एक झाला ना?" बारा वर्षांत दुसरा कधी झाला नव्हता, तरी प्रश्न चुकला नव्हता. गुणाजी दर वेळी चरफडत आणि दर वेळी "हो" म्हणत.

पण शेवंतीबाईंचा प्रश्न परवडला, त्यांचा भाऊ परवडत नव्हता.

सुदेशचा कल्याणच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याचा गाळा. माणूस दिलदार, आवाज गाळ्यावरचाच घरातही. कुणाच्या घरी मयत असो की बारसं, पहिला हजर. पण संध्याकाळ झाली की त्याला क्वार्टर लागे, आणि बोलायला कुणी मिळालं की क्वार्टरने भागत नसे. गुणाजींच्या घरी आला की ड्रॉपर पाहून हसायचा. "भावोजी, डोळ्यात घालताय की घशात?" दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी तो नवा असल्यासारखा स्वतःच हसे.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत दोन्ही कुटुंबं सुदेशच्या गाडीने गोव्याला गेली. सुदेश, त्याची बायको विनिता, गुणाजी आणि शेवंतीबाई. गुणाजींना समुद्रात पाय बुडवण्याची हौस नव्हती. त्यांना एका साध्या हॉटेलच्या बारमध्ये बसायचं होतं, तिथला माणूस काजूच्या फेणीत कोकम घालून कॉकटेल करतो असं त्यांनी ऐकलं होतं. तो माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने ग्लासाच्या कडेला मीठ लावलं, हिरवी मिरची चिरून फक्त एकदा फिरवली आणि काढून टाकली. गुणाजींनी पहिला घोट घेऊन विचारलं, "कोकमाचं आगळ उन्हातलं आहे का? उकळलेलं नाही वाटत." त्या माणसाने हातातलं फडकं खाली ठेवलं. पुढची चाळीस मिनिटं दोघं आगळ, फेणीचं दुसरं ऊर्ध्वपातन आणि मातीच्या भांड्यांबद्दल बोलत होते. प्रवासात गुणाजींना याहून मोठं सुख माहीत नव्हतं: परक्या गावी, त्या गावच्या चवीचा एक ग्लास, आणि त्याच्याविषयी बोलणारं माणूस.

तेवढ्यात सुदेश चौथा पेग घेऊन मधे येऊन बसला. "काय भावोजी, बिचाऱ्याची परीक्षा घेताय काय? ए बाबा, याच्यात अजून टाक जरा. दिसत पण नाही काय टाकलंय ते." बारवाला उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. परत आलाच नाही. गुणाजींनी उरलेला ग्लास एकट्याने संपवला आणि त्याची चवही धड लक्षात राहिली नाही.

परतीच्या दिवशी मात्र गोष्ट चवीपुरती राहिली नाही. कणकवलीच्या अलीकडे जेवायला थांबले. सुदेशने जेवणाआधी दोन बियर मागवल्या, विनिताने डोळ्यांनी केलेली खूण पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि जेवणानंतर तिसरी संपवून किल्ली उचलली.

"थोडं थांबूया," गुणाजी म्हणाले. "तीन-चार तास. घाई काय आहे?"

"बियर आहे ती. बियर काय दारू असते?"

"असते."

"भावोजी, वीस वर्षं गाडी चालवतोय मी. तुम्हाला सायकल तरी येते काय धड?"

गुणाजींना गाडी येत नव्हती, हे खरं होतं. कुणालाच येत नव्हती. ते गाडीपाशी गेले, डिकी उघडून आपली आणि शेवंतीबाईंची बॅग काढली आणि हॉटेलच्या बाकावर येऊन बसले. शेवंतीबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"आता याचा तमाशा करणार का तुम्ही?" सुदेशने विचारलं. आजूबाजूची माणसं जेवायची थांबून पाहत होती. "स्वतः पितात आणि मला शिकवतात. ताई, सांग यांना."

"मी यांच्यासोबत येते," शेवंतीबाई म्हणाल्या.

विनिता मधेच उभी होती. लग्नाला बावीस वर्षं झालेली, नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक प्रवासात पायाने नसलेला ब्रेक दाबणारी बाई. तीही डिकीपाशी गेली. तिची बॅग तळाशी होती, ती काढायला वेळ लागला. बॅग घेऊन ती शेवंतीबाईंच्या पलीकडे बसली.

सुदेश गाडीत जाऊन एसी लावून बसला. अर्ध्या तासाने तो एकटाच गाडी घेऊन निघाला. तिघांनी रिक्षा केली, कणकवलीच्या डेपोतून एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठी धरलेल्या अवस्थेत ठाण्याला उतरले. सुदेश त्यांच्या आधीच घरी पोचला होता, सुखरूप. त्या सुखरूप पोचण्यानेच सगळा घात केला. तो सांगत सुटला, "बघा, काय झालं? काही झालं का?" आणि नातेवाईक गुणाजींना फोन करून म्हणू लागले, की पिणाऱ्याने पिणाऱ्याला दारुडा म्हणावं म्हणजे कमाल आहे. दोघांचं बोलणं बंद झालं. गुणाजींना यात सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल तर ती याची, की सुदेशला अपघात झाला नाही म्हणून आपण चूक ठरलो, आणि झाला असता तर बरं झालं असतं असं तर म्हणता येत नाही.

सात महिन्यांनी, श्रावणात, विनिताचा फोन आला. सुदेशचे डोळे पिवळे झाले होते. कल्याणच्या इस्पितळात अकरा दिवस काढले. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत कडक व्हायला लागलंय, यापुढे एक थेंबही नाही. शेवंतीबाई रोज गेल्या. गुणाजी एकदाच गेले, तेव्हा सुदेश झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सातला पाच मिनिटं कमी असताना दारावरची बेल वाजली. दारात सुदेश. शर्ट खांद्यांवरून ओघळलेला, हातात पाच किलो बटाट्यांची पिशवी.

"या वेळेला घरी बसवत नाही," तो म्हणाला. "सात ते नऊ. बाकी दिवसभर काय नाय वाटत. तुम्ही तुमचं चालू ठेवा, मी नुसता बसतो."

गुणाजींचा ग्लास टेबलावर होता, बाटली उघडलेली होती. त्यांनी बाटली बंद करून कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. दोघं दोन तास बसले. सुदेशने कांद्याची आवक, नगरसेवक आणि इस्पितळातल्या उपम्याबद्दल तक्रारी केल्या. पुढच्या शनिवारीही तो आला. त्याच्या पुढच्याही.

"माझा शनिवार गेला," गुणाजी शेवंतीबाईंना म्हणाले.

"मग सांगा त्याला, येऊ नकोस म्हणून."

ते सांगता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चौथ्या आठवड्यात सुदेशच म्हणाला, "माझ्यामुळे तुम्ही बंद केलंय, त्याचं मला जास्त टेन्शन येतं."

"बंद नाही केलं. बुधवारी घेतो."

सुदेशने थोडा विचार केला. "ठीक आहे. बुधवारी मी येणार नाय."

नुसतं बसून दोन तास जाईनात, म्हणून गुणाजींनी त्याच्यासाठी काहीतरी पेय करायचं ठरवलं. सरबत नव्हे. सरबत दोन मिनिटांत संपतं आणि हात पुन्हा रिकामा होतो. त्यांना असं काही हवं होतं की जे गोड नाही, पटकन पिता येत नाही, घशात थोडं टोचतं आणि ज्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. कडक काळा चहा, कोकमाचं आगळ, विस्तवावर भाजलेल्या आल्याचा रस, मिरी, कडवटपणासाठी काडेचिराईताची एक काडी. चहाच्या पानांना त्यांनी नारळाच्या करवंटीच्या निखाऱ्यावर धुरी दिली, तेव्हा धूर जिन्यात गेला आणि शेजारचे चपला न घालता धावत आले. मग त्यांनी डॉक्टरांना फोन करून एकेक जिन्नस वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, जडीबुटी नको, काडेचिराईत काढा, बाकी चालेल. काडेचिराईत गेल्यावर सगळ्या रचनेचा कणाच गेला. तीन संध्याकाळी मोडून गुणाजींनी मोसंबीची साल जाळून त्या जागी बसवली. नोकरीतसुद्धा त्यांनी एका गिऱ्हाइकासाठी एवढा जीव आटवला नव्हता.

सुदेशने पहिला घोट घेतला. "हा तर काढा आहे."

"गिळू नकोस लगेच. आधी वास घे."

"वास काय घ्यायचाय? आलं आहे. मला सर्दी कुठे झालीये?"

दुसऱ्या शनिवारी त्याने त्यात साखर मागितली. तिसऱ्या शनिवारी शेवंतीबाईंनी दिलेली फरसाणाची बशी संपवून ग्लास तसाच ठेवला. गुणाजींनी हात टेकले. "पुढच्या शनिवारपासून ताक पी," ते म्हणाले आणि ग्लास उचलायला गेले.

"थांबा ना," सुदेशने ग्लास धरला. तो उगाच नाकाशी नेला, बहुधा गुणाजींचं समाधान व्हावं म्हणून. मग पुन्हा नेला. "हे आलं वेगळं आहे. मागच्या वेळचं साताऱ्याकडचं होतं. हे जास्त दिवस मातीत राहिलेलं आहे, आणि एक बोट आतून काळं पडलं असणार."

गुणाजी स्वयंपाकघरात गेले. उरलेलं आलं ओट्यावर होतं. त्यांनी मोडून पाहिलं. एक बोट आतून काळपट होतं.

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बावीस वर्षं गाळ्यावर बसतोय. पन्नास गोण्यांत एक कांदा सडका असेल ना, तरी मला दारातून वास येतो. गोणी फोडायची गरज नाय. बाजारात सगळे मलाच बोलावतात."

बावीस वर्षांत गुणाजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, मग लगेच सुदेशचा आला. असं नाक असलेल्या माणसाने आयुष्यभर चकण्याबरोबर काय ओतलं होतं घशात? ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "बरं, अजून काय आहे यात? सांग."

त्या दिवसापासून गुणाजींच्या डोक्याला निराळा ताप सुरू झाला. सुदेशला मतं फुटली. धूर जास्त झालाय. आगळ या वेळी मालवणचं नाही, कुठून आणलंत? मिरी जुनी आहे, दुकानदाराने गंडवलं. मंगळवारी दुपारी, कंपनीत सगळे कामात असताना त्याचा फोन येई, "भावोजी, बटाट्याची साल भाजून टाकली तर?" गुणाजी म्हणत, "नको." तो म्हणे, "ऐका तर." साल भाजून पाहिली. वाईट नव्हती, पण हे कबूल करायला गुणाजींना दोन आठवडे लागले.

एकदा, पाऊस नसलेल्या एका साध्या संध्याकाळी, सुदेशने ग्लास फिरवत विचारलं, "तुम्ही एकावर कसे थांबता, खरं सांगा."

गुणाजींनी आजवर या प्रश्नाला चवीचं, मनाच्या ताब्याचं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ते म्हणाले, "भीतीने." आणि त्यांनी नाक दाबून पिणाऱ्या वडिलांबद्दल सांगितलं.

सुदेशने ग्लास टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्हाला मजा येत नाय?"

"येते."

"भीतीपण आणि मजापण?"

"हो."

"अवघड आहे तुमचं," सुदेश म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

मधे एकदा तो घसरला. पुतण्याच्या साखरपुड्यात कुणीतरी आग्रह केला आणि त्याने घेतली. विनिताने रडत फोन केला. गुणाजी त्याच्या गाळ्यावर गेले, गोण्यांच्या मधे उभे राहून त्याला नको नको ते बोलले, आणि मग त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन दोन तास बाकावर बसले. सुदेश सारखं म्हणत होता, "तुम्ही जा ना घरी," आणि ते सारखे म्हणत होते, "बस गप."

सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट आला तेव्हा यकृत सुधारलेलं नव्हतं. बिघडलंही नव्हतं. सुदेश कागद घेऊन कोपरला आला आणि तो टेबलावर आपटून म्हणाला, "एवढं सगळं करून जिथल्या तिथेच?"

"जिथल्या तिथे राहणं हेच डॉक्टरांना हवं होतं."

"मग आधी सांगायचं ना तसं. मी काय काय आशा लावून बसलेलो."

गुणाजींनी त्याला समजावलं, पुन्हा समजावलं, कागदावरचे आकडे बोटाने दाखवले. त्याचं समाधान झालं नाही. जाताना तो चपला घालता घालताही कुरकुरत होता.

त्याच्या पुढच्या शनिवारी सात वाजून गेले, सव्वासात झाले, तरी बेल वाजली नाही. पेय तयार होतं. गुणाजी दोनदा गॅलरीत जाऊन आले. फोन करायचा नाही असं ठरवून त्यांनी फोन हातात घेतला. पावणेआठला सुदेश आला, घामाघूम, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"वेळेचं काही भान?" गुणाजी म्हणाले.

"शहाडच्या पुलावर अडकलेलो. हे घ्या, ओली हळद आणलीये. पण सांगून ठेवतो, थोडीच टाका. मागच्या वेळेसारखा गोंधळ घालू नका."

शेवंतीबाईंनी दोघांसाठी पाट्यावर हळद ठेवली. हळद आधी किसायची की ठेचायची, यावर त्यांचा वाद तिथेच, उभ्या उभ्या सुरू झाला.